एका रात्रीची मुभा

गोष्ट आधी सांगायची आणि तिचे मूळ मागाहून सांगायचे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. रामायणातले बालकांड मूळ काव्याला पुढे केव्हा तरी जोडले गेले, असे बहुतेक पंडित मानतात. महाभारताच्या आदिपर्वातलाही बराच भाग उशिराचा समजला जातो. ग्रंथात जे पहिले, ते रचनेत शेवटचे! याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. गोष्ट लोकांना आवडली की ऐकणारे विचारू लागतात, ‘पण हे सारे सुरू कसे झाले?’ मग सांगणाऱ्याला मागे फिरावे लागते. आणि मागे फिरले की, आधी जे नुसते गृहीत धरून चालले होते त्याचा हिशेब द्यावा लागतो.

अमेरिकेतल्या एका भयपटमालिकेवर अशीच पाळी आली. भयपटांचा मला सोस नाही. घरातल्या तरुण मंडळींनी हट्टाने पाहायला बसवले म्हणून बसलो. मात्र पाहता पाहता पडद्यावरचे रक्त बाजूला राहिले आणि इतिहासाच्या पुस्तकांतल्या ओळखीच्या जागा एकामागून एक डोळ्यांपुढे येऊ लागल्या. त्या जागा वाचकांना दाखवाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे. सणाच्या दिवसांत हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण नरकासुराच्या वधाची कथा ऐकूनच आपण अभ्यंगस्नानाला बसतो, हे त्याने विसरू नये.

या मालिकेतला पहिला चित्रपट ‘द पर्ज’ २०१३ साली आला. लेखक-दिग्दर्शक जेम्स डीमोनॅको. कल्पना अशी की, अमेरिकेत ‘नवे राष्ट्रनिर्माते’ म्हणवणाऱ्या एका पक्षाच्या हाती सत्ता आली आहे आणि त्याने एक कायदा केला आहे. वर्षातून एक रात्र, संध्याकाळी ७ पासून सकाळी ७ पर्यंत, कोणताही गुन्हा हा गुन्हा नाही, खूनसुद्धा नाही. त्या १२ तासांत पोलीस येत नाहीत, दवाखाने बंद असतात, अग्निशामक दल हलत नाही. वर्षभराचा राग माणसाने एका रात्रीत ओकून टाकावा आणि उरलेले दिवस शहाण्यासारखे वागावे. या उपायामुळे देशात गुन्हे जवळजवळ नाहीसे झाले आणि बेकारी अवघ्या १ टक्क्यावर आली, असे सरकार सांगते. ‘पर्ज’ या शब्दाचा अर्थच मुळी रेच देऊन कोठा साफ करणे.

हा पहिला चित्रपट एका श्रीमंत घराच्या चार भिंतींत घडतो. घरांना पोलादी झडपा बसवून देणारा एक विक्रेता, त्याची बायको, दोन मुले. आणि मुलाने दया येऊन घरात घेतलेला एक जखमी काळा मनुष्य. कायदा कोणी केला, कशासाठी केला, याची वाच्यता फारशी नाही. २०१४ आणि २०१६ सालच्या पुढच्या दोन भागांत घराचे दार उघडून कथा रस्त्यावर आली. त्यात हळूहळू कळते की मरतात ते गरीब, आणि झडपा बसतात त्या श्रीमंतांच्या घरांना. तरीही मूळ प्रश्न शिल्लक राहिलाच. एवढे मोठे राष्ट्र असल्या कायद्याला राजी झाले तरी कसे? लोकांनी तो मुकाट्याने स्वीकारला, की त्यांच्या गळी उतरवला गेला?

त्याचे उत्तर २०१८ साली मिळाले. ‘द फर्स्ट पर्ज’ हा चित्रपट ४ जुलैला, म्हणजे नेमका अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, प्रदर्शित झाला. लेखन डीमोनॅको यांचेच. दिग्दर्शन मात्र जेरार्ड मॅकमरे या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाकडे गेले होते. पहिल्या भागांत जे गोरे घर आतून दिसले होते, त्याऐवजी येथे आपण न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरच्या गरीब, बहुतांशी काळ्या वस्तीत उभे असतो. कायदा अजून झालेला नाही. एक प्रयोग म्हणून तो या एका बेटापुरता करून पाहायचा आहे. मे अपडेल नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईने तो प्रयोग आखला आहे. जो बेट सोडून जाणार नाही त्याला ५,००० डॉलर. प्रत्यक्ष भाग घेईल त्याला आणखी. भाग घेणाऱ्यांच्या डोळ्यांत यंत्रे बसवलेली भिंगे घालतात, म्हणजे त्यांना जे दिसेल ते सरकारलाही दिसावे.

भोंगा वाजतो. एक माथेफिरू पहिला खून करतो. आणि त्यानंतर जे घडते ते सरकारच्या सर्व अपेक्षांवर पाणी ओतणारे असते. लोक नाचतात! रस्त्यात गाणीबजावणी सुरू होते, खाणेपिणे होते, कोठे थोडी लूट, कोठे मोडतोड. बरेच जण चर्चमध्ये जाऊन दार लावून बसतात. खुनाची मुभा मिळाली, पण खून करायला कोणी उठेना. आता आकडे कोठून आणायचे? मग पक्षाचा एक वरिष्ठ अधिकारी भाडोत्री सैनिक पाठवतो. मुखवटे घातलेल्या, पांढरे अंगरखे चढवलेल्या टोळ्या ट्रकांतून उतरतात आणि वस्तीची कत्तल सुरू करतात. पडद्यावर ती चित्रे पाहून अपडेलबाईंच्या ध्यानात येते की हे काही रस्त्यावरचे लोक नव्हेत. यांची पावले कवायत शिकलेली आहेत. ते ध्यानात आल्याबद्दल त्यांना मरावे लागते.

सगळ्या मालिकेचा पाया या एका प्रसंगाने उलटा होतो. आधीच्या चित्रपटांत आपण धरून चाललो होतो की माणूस मुळात हिंस्र, कायद्याची दोरी सुटली की तो चावणारच. हा चौथा चित्रपट म्हणतो की दोरी सोडली, तरी तो चावला नाही. म्हणून चावणारे बाहेरून आणले आणि नाव त्याचे सांगितले.

ही केवळ कादंबरीकाराची युक्ती आहे काय? मला तसे वाटत नाही.

प्रथम मुभेचा विचार करू. ठरावीक दिवशी नियम सैल करण्याची चाल जगात फार जुनी आहे. प्राचीन रोमन लोकांचा सॅटर्नेलिया हा सण १७ डिसेंबरला सुरू होई आणि पुढे पुढे तो आठवडाभर चाले. न्यायालये बंद असत, एरवी मना असलेला जुगार उघड खेळला जाई, गुलाम मालकाला चार शब्द सुनावू शकत आणि काही घरी मालक गुलामांना वाढत. आपला शिमगा काय वेगळा आहे? कोकणात आणि देशावर होळीपुढे जी तोंडे सुटत, ती वर्षाच्या दुसऱ्या कोणत्याही दिवशी सुटली असती तर गावाने पाटलापुढे उभे केले असते. बोंब मारायची, शिव्या द्यायच्या, दुसऱ्याच्या अंगणातली लाकडे पळवायची! शिमग्यात भांडणे होत, कधी डोकीही फुटत, हे मी नाकारीत नाही. पण मुभेचा दिवस हा मुळात हसण्याचा दिवस असतो, एवढे खरे. स्टेटन बेटावरच्या त्या काल्पनिक लोकांनी खुनाच्या परवान्याचा शिमगा केला, यात लेखकाची माणसाविषयीची माहिती पक्की दिसते.

मात्र अशीही एक मुभा इतिहासात होऊन गेली आहे, जिचा हसण्याशी काही संबंध नव्हता. ती स्पार्टामध्ये. स्पार्टाचे नागरिक स्वतः शेती करीत नसत. ती करीत हेलोट, म्हणजे जिंकून दास केलेले लोक, आणि त्यांची संख्या मालकांपेक्षा कितीतरी अधिक होती. या संख्येची धास्ती स्पार्टाला जन्मभर पुरली. प्लुटार्क सांगतो की तेथले अधिकारी निवडक तरुणांना फक्त खंजीर आणि थोडी शिधासामग्री देऊन रानावनात पाठवीत. दिवसा त्यांनी दडून बसायचे, रात्री वाटेवर यायचे आणि सापडेल त्या हेलोटाला मारायचे. शेतात काम करणाऱ्यांतले धट्टेकट्टे पाहूनही मारीत. या प्रथेला ‘क्रिप्तेया’ म्हणत. शब्दाचा अर्थ, गुप्त काम.

आता यातली मख्खी पाहा. ग्रीक लोकांत मनुष्यवध हा विटाळ मानला जाई. मग या तरुणांच्या हाताला विटाळ कसा लागत नसे? तर एफोर नावाचे जे पाच अधिकारी दर वर्षी निवडले जात, ते अधिकारावर येताच हेलोटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारीत. स्वतःच्याच शेतात राबणाऱ्या माणसांविरुद्ध युद्ध, आणि तेही दर वर्षी नव्याने! युद्धात शत्रूला मारले तर पाप नाही, सबब हात स्वच्छ. हा खुलासा प्लुटार्कने ॲरिस्टॉटलच्या नावावर दिला आहे. गंमत अशी की शोकनाट्य पाहून मनातल्या भय-करुणेचा निचरा होतो, हा सिद्धांतही ॲरिस्टॉटलचाच. आपल्या टीकाकारांनी त्याला ‘विरेचन’ असा नेमका वैद्यकीय शब्द योजला. म्हणजे अपडेलबाईंची उपपत्ती आणि त्यांच्या सरकारची खरी रीत, दोन्हींची नोंद एकाच ग्रीक पंडिताच्या खात्यावर आहे.

स्पार्टाचे आणखी एक कृत्य थ्युसिडिडीजने नोंदवले आहे. पेलोपोनेशियन युद्धाच्या काळात स्पार्टाने जाहीर केले की रणांगणावर ज्यांनी आपली उत्तम सेवा केली असे ज्यांना वाटते, त्या हेलोटांनी पुढे यावे. त्यांना मुक्त करू. सुमारे २,००० निवडले गेले. त्यांनी डोक्यावर फुलांच्या माळा घालून देवळांना प्रदक्षिणा केल्या. त्यानंतर ते दिसले नाहीत. प्रत्येकाचा शेवट कसा झाला ते कोणालाच कळले नाही, एवढेच तो इतिहासकार कोरड्या शब्दांत लिहितो. आमिष दाखवून यादी करायची आणि यादीतले नाहीसे करायचे, याचे याहून जुने उदाहरण मला ठाऊक नाही.

आमिषावरून चित्रपटातल्या त्या ५,००० डॉलरांकडे वळतो. गरिबाला पैसे देऊन प्रयोगाला बसवणे हे अमेरिकेतल्या प्रेक्षकाला, विशेषतः काळ्या प्रेक्षकाला, परके वाटण्याचे कारणच नव्हते. अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ साली सरकारच्या आरोग्यखात्याने एक अभ्यास सुरू केला. सुमारे ६०० काळे शेतमजूर त्यात घेतले. पैकी ३९९ जणांना उपदंशाचा रोग होता. त्यांना सांगितले गेले की तुमचे रक्त बिघडले आहे आणि आम्ही उपचार करीत आहोत. मोबदला काय? तपासणीच्या दिवशी फुकट जेवण, येण्याजाण्याची गाडी आणि मेल्यावर मूठमातीचा खर्च. उपचार मुळीच नव्हते. औषध न दिल्यास हा रोग माणसाचे काय करतो, हेच तर पाहायचे होते! पुढे पेनिसिलिन या रोगावर सर्रास वापरले जाऊ लागले तरी ते त्यांच्यापर्यंत पोहोचू दिले नाही. हे ४० वर्षे चालले. १९७२ साली वृत्तपत्रांनी बोभाटा केला तेव्हा थांबले, आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्राच्या वतीने माफी मागितली ती १९९७ साली. चित्रपटातली शास्त्रज्ञबाई दुष्ट नाही. तिला आकडे हवे आहेत. टस्कीगीच्या डॉक्टरांनाही आकडेच हवे होते.

पण या चित्रपटाची खरी मेख भाडोत्री टोळ्यांच्या प्रसंगात आहे, आणि त्याला जवळचे असे ऐतिहासिक उदाहरण जर्मनीतले आहे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी पॅरिसमध्ये एका १७ वर्षांच्या ज्यू मुलाने जर्मन वकिलातीतल्या एका अधिकाऱ्यावर गोळी झाडली. ९ तारखेला तो अधिकारी मेला. त्या संध्याकाळी म्यूनिकच्या जुन्या नगरभवनात नाझी पक्षाचे जुने कार्यकर्ते जमले होते. तेथे प्रचारमंत्री गोबेल्स बोलला. त्याच्या भाषणाचा मथितार्थ असा: पक्षाने निदर्शने करवू नयेत, पण ती आपोआप उसळली तर त्यांना अडवूही नये. समोर बसलेले पुढारी काही दुधखुळे नव्हते. ते उठले आणि आपापल्या जिल्ह्यांना फोन करू लागले. पक्षाच्या सैनिकांना गणवेश उतरवून साध्या कपड्यांत जायला सांगण्यात आले, म्हणजे लोकांचा संताप लोकांसारखा दिसावा.

रात्री १ वाजून २० मिनिटांनी सुरक्षा पोलिसांचा प्रमुख हायड्रिख याची तार सुटली. ती वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो तिच्या कारकुनी व्यवस्थितपणामुळे. निदर्शनांना पोलिसांनी अडथळा करू नये. ज्यूंची प्रार्थनागृहे जाळायला हरकत नाही, मात्र शेजारच्या जर्मन मालमत्तेला आग लागण्याचा धोका नसेल तेथेच. दुकाने फोडावीत, पण लुटू नयेत. तुरुंगांत जागा असेल तितके ज्यू पकडावेत. सधन, धडधाकट, फार वय न झालेले पुरुष आधी. ‘उत्स्फूर्त’ संतापाला इतके बारकावे सुचत नाहीत. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सुमारे ७,५०० दुकाने फुटली, शेकडो प्रार्थनागृहे जळाली, सुमारे ३०,००० पुरुष छळछावण्यांत गेले. सरकारी हिशेबाने मेलेले ९१. खरा आकडा त्याहून बराच मोठा. अग्निशामक दल बंब घेऊन उभे होते, आणि शेजारच्या भिंतींवर पाणी मारीत होते. ‘त्या १२ तासांत अग्निशामक दल हलत नाही’ हे चित्रपटातले वाक्य मला म्हणूनच अतिशयोक्तीचे वाटले नाही; उलट सौम्यच वाटले.

बर्लिनमधल्या ओरानियेनबुर्ग रस्त्यावरचे मोठे प्रार्थनागृह मात्र त्या रात्री वाचले. त्या भागातल्या ठाण्याचे पोलीस तेथे आले, वास्तू संरक्षित स्मारक असल्याचे त्यांनी टोळीला बजावले, तिला हुसकले आणि बंबवाल्यांना आत घेऊन आग विझवली. एका ठाण्याने नियमाचे पुस्तक उघडले एवढेच घडले. पण ते घडू शकत होते, हे त्यामुळे कळते. पुढे पक्षाच्या स्वतःच्या चौकशी-न्यायालयाने गुप्त अहवालात लिहूनही ठेवले की, असले प्रकार पक्षच घडवून आणतो हे शेवटच्या माणसापर्यंत सर्वांना ठाऊक आहे.

येथवर चित्रपट आणि इतिहास हातात हात घालून चालले. आता जेथे त्यांची फारकत होते ते सांगितले पाहिजे. चित्रपटाने मारेकरी सगळे बाहेरचे दाखवले आणि वस्तीला जवळजवळ निष्पाप ठेवले. शेवटच्या अर्ध्या तासात तर वस्तीतला अफूगांजाचा सौदागर एकट्याने इमारतभर सैनिक लोळवतो. प्रेक्षागृहात टाळ्या पडल्या असतील. माझे लक्ष मात्र तेथून उडाले. इतिहास इतका उदार नाही. हुकूम वरून येतो हे खरे, पण हात पुष्कळदा शेजारचेच असतात. जर्मनीतही फुटलेल्या दुकानांतला माल उचलायला गल्लीतलेच लोक आले होते.

अमेरिकेतच पाहायचे तर ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहराचे उदाहरण आहे. तेथे ग्रीनवुड नावाची काळ्या लोकांची भरभराटलेली पेठ होती. १९२१ च्या ३१ मेला, एका काळ्या तरुणाने उद्वाहनात एका गोऱ्या मुलीशी गैरवर्तन केल्याच्या वावड्यांवरून न्यायालयापुढे जमाव जमला. त्या तरुणावरचा आरोप पुढे काढूनच टाकण्यात आला, पण तोवर सारे संपले होते. पोलिसांनी शेकडो गोऱ्या नागरिकांना रात्रीतून ‘विशेष पोलीस’ नेमले आणि काहींना हत्यारेही दिली. पहाटे ग्रीनवुडवर हल्ला झाला. ३५ चौकांची वस्ती जळाली, १,२०० हून अधिक घरे गेली. मृतांचा आकडा आजही निश्चित नाही. ३०० पर्यंतचे अंदाज आहेत. हे भाडोत्री सैनिक नव्हते. आदल्या दिवशी हे दुकानदार, कारकून, शाळकरी पोरे होती. बिल्ला मिळाला, आणि पुरे झाले. माणूस मुभेने बिघडत नाही, असे चित्रपट म्हणतो. मी त्यात एवढीच भर घालीन की, त्याला कर्तव्याची मुभा दिली तर मात्र काही सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट चित्रपटाने गाळली. सकाळी ७ चा भोंगा वाजतो, अधिकारी प्रयोग यशस्वी झाल्याचे सांगतो, पुढच्या वर्षी हीच रात्र देशभर पाळण्याचा मनसुबा बोलून दाखवतो, आणि पडदा पडतो. फुटलेल्या काचांचे बिल कोणाला गेले, हे तो सांगत नाही. इतिहासात ते बिल प्रत्येक वेळी नोंदवलेले आहे. १२ नोव्हेंबर १९३८ ला, म्हणजे राख अजून निवत असताना, गोरिंगने बैठक बोलावली. ज्यू समाजावर १ अब्ज मार्कांचा दंड बसवला गेला, विम्याची जी रक्कम त्यांना मिळायची ती सरकारने घेतली, आणि रस्ते व दुकाने त्यांनीच स्वखर्चाने साफ करावीत असा हुकूम निघाला.

टल्सात विमा कंपन्यांनी पोलिसीतले दंगलीचे कलम दाखवून ग्रीनवुडच्या लोकांना परत पाठवले. त्या घटनेला अनेक दशके ‘दंगल’ म्हटले गेले, त्याचा हा रोकडा उपयोग. मग लोकांनी शहराकडे अर्ज केले. नगरपालिकेने काळ्या लोकांचे सर्व अर्ज फेटाळले. मंजूर झाला तो एका गोऱ्या दुकानदाराचा. जमावाने त्याच्या दुकानातून बंदुका नेल्या होत्या, त्यांची किंमत त्याला मिळाली. राज्य सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला तो १९९७ साली, आणि अहवाल आला २००१ साली. त्या रात्री लहान मुली असलेल्या आणि तोवर शंभरी ओलांडलेल्या दोन वृद्धा भरपाईसाठी न्यायालयात गेल्या होत्या. ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दावा २०२४ च्या जूनमध्ये फेटाळला.